पंडित विष्णु दिगंबर व स्वरांची लिपी

श्रीक्षेत्र नृसिंहवाडीच्या घाटावर उभे राहिले म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम दिसतो आणि पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड. वाडीस येणारा वारकरी पादुकांचे दर्शन घेतो, पालखी पाहतो, प्रसाद घेतो आणि परततो. पलीकडच्या गावी सहसा कोणी जात नाही. पण आपण भजनी मंडळी. आपल्या हातात टाळ आणि खांद्याला वीणा. तेव्हा त्या गावी जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र आपण ऐकलेच पाहिजे. ते पुरुष म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धनांचे छोटे संस्थान होते आणि संस्थानात कीर्तनकाराला मान असे. घरी तंबोरा, झांजा, आख्यानांची पाठांतरे. मुलाच्या कानावर पाळण्यात असल्यापासून साकी, दिंडी, आर्या पडत होत्या. मुलगाही बापामागे उभा राहून कीर्तनात धरू लागला. सारे असेच चालते तर विष्णुपंत दुसरे दिगंबरबुवा झाले असते आणि चार संस्थानांच्या पलीकडे त्यांचे नाव गेले नसते.

पण मार्गशीर्ष पौर्णिमा आली. वाडीला दत्तजयंतीचा उत्सव, शोभेच्या दारूची धामधूम, आणि त्यात तो पोर उभा. दारू तोंडाजवळ उडाली आणि डोळे गेले म्हणावे अशी दशा झाली. लहान गाव; वेळेवर उपाय कोठून होणार? पुढे मिरजेस औषधपाणी झाले, थोडे दिसू लागले, पण दृष्टी जन्मभर अधूच राहिली. शाळा संपली. पुस्तक ज्याच्या नशिबातून गेले त्याने करायचे काय? आवाज चांगला, कान तयार. तेव्हा गाणे शिकावे असे ठरले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती त्यांनीच. त्यांच्या पायाशी हा मुलगा बाराएक वर्षांचा असताना बसला, तो १८९६ सालापर्यंत.

त्या काळची विद्या कशी असे, हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. गुरूने म्हणावे, शिष्याने म्हणावे, पुन्हा गुरूने म्हणावे. कागद नाही, शाई नाही. गुरूची मर्जी असेल तर चीज मिळे, नसेल तर पाणी भरण्यात वर्ष जाई. आणि एवढे करून जो गवई तयार होई त्याला समाजात स्थान काय? मिरजेची एक हकीकत चरित्रकार सांगतात. गावात एक समारंभ होता. त्याचे आमंत्रण विष्णुपंतांना आले, कारण ते संस्थानिकांच्या कृपेतले. पण गुरुजींना आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ते तर नुसते गवई! हा घाव विष्णुपंतांच्या जिव्हारी बसला. मिरज सोडून ते बाहेर पडले. बडोदे, ग्वाल्हेर, काठेवाड हिंडले, मथुरेस राहून व्रजभाषा शिकले, आणि हिंडत हिंडत लाहोरास पोचले.

लाहोरास ५ मे १९०१ या दिवशी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. पंडितजी रोज वेळेवर येत, तंबोरा जुळवीत आणि स्वतःच बसून गात. मग विद्यार्थी आले, मुलीही आल्या, आणि अडचण उभी राहिली. एका गुरूपुढे एक शिष्य असेल तर तोंडी विद्या पुरते. वर्गात तीस मुले बसली, त्यांतली निम्मी संसारी, तासभर येऊन घरी जाणारी. त्यांनी घरी काय घोकावे? तेव्हा पंडितजींनी स्वर लिहिण्याची पद्धत बसविली आणि पुस्तके छापली. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश, आणि आपल्या कामाची भजनामृतलहरी. पुढे १९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले. तेथे विद्यालयाचा स्वतःचा छापखानाही होता. ज्याला अक्षर नीट दिसत नाही त्याने दुसऱ्यांसाठी गाण्याची अक्षरे पाडावी, ही भगवंताची लीला पाहा.

असे करणारे ते पहिलेच नव्हेत. त्यांच्या आधी बडोद्यास मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढून स्वरलेखन चालविले होते. आणि त्याच्याही फार पूर्वी, यादवांच्या देवगिरीस, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, त्यात स्वरांची अक्षरे मांडून गीते दिली आहेत. म्हणजे माउलींनी नेवाश्यास १२९० साली भावार्थदीपिका सांगितली त्याच्या काही दशके आधी, याच मराठी मुलखात, गाणे कागदावर उतरले होते. शार्ङ्गदेवाचा नियम असा की मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू द्यावा आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. पंडितजींच्या पद्धतीतही नेमके हेच आहे. मधल्या सप्तकाला काही खूण नाही. ऋग्वेदाच्या पोथीतही उदात्ताला खूण नसते, अनुदात्ताखाली आडवी आणि स्वरितावर उभी रेघ असते, हे वैदिकांना ठाऊकच आहे.

येथे माझी फजिती सांगतो. मी पाठशाळेत शिकलेला माणूस. साठी ओलांडल्यावर मला स्वरलेखन वाचण्याची हौस झाली, कारण माझ्या कीर्तनगुरूंच्या एका अभंगाच्या चालीचे अंतऱ्याचे वळण मी विसरलो. त्यांच्या पश्चात ती चाल फक्त माझ्यापाशी होती. विचारणार कोणाला? फडातली जुनी मंडळी गेली. ती चाल गेली ती गेलीच. उरलेल्या तरी कागदावर याव्यात म्हणून मी पुस्तक उघडले. पहिल्याच पानावर ग, ध, नी यांचे पाय मोडलेले दिसले. व्याकरणात हलन्त म्हणजे ज्याला स्वर नाही ते अक्षर; येथे पाय मोडला की स्वर कोमल होतो! दोन दिवस मी त्या गंधाराला मुकाच धरून बसलो होतो.

दुसरी फजिती याहून मोठी. नातवाच्या पुस्तकातून एक भजन बसविले, तर ते आवाजाच्या आवाक्याबाहेर जाईना का! नंतर कळले की ते पुस्तक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीचे. नावाने दोघेही विष्णु, पण त्यांच्या पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे तार स्वर आणि पायाखाली बिंदू म्हणजे मंद्र. कोमलाखाली ते आडवी रेघ देतात. ती रेघ पंडितजींच्या लिपीत स्वराखाली आली तर एक मात्रा दाखवते. तिच्या जागी शून्य आले तर अर्धी मात्रा, चंद्रकोर आली तर पाव. भातखंड्यांकडे शून्य म्हणजे ठेक्यातली खाली. पंडितजी समेला १ हा आकडा घालतात आणि खालीला अधिकाची खूण, भातखंडे समेला फुली. म्हणून नवशिक्याने पुस्तक उघडताच आधी पाहावे, हे कोणत्या विष्णूचे!

आणि शिकताना एकदम गायला लागू नये. प्रथम हाताने टाळी-खाली धरून नुसती अक्षरे बोलावी, जशी आपण संथा घेतो. मात्रा चुकेनाशी झाली की मग तीच अक्षरे सुरात म्हणावी. अभंगाचे शब्द सर्वांत शेवटी. मी उलट केले. चाल ओळखीची होती म्हणून शब्द धरून गात सुटलो आणि डोळे कागदावर नुसते फिरत राहिले. ओळखीच्या चालीवर वाचन येत नाही, अनोळखीवर येते.

एवढे असूनही दोन अक्षरांच्या मध्ये जे असते ते छापता येत नाही. मींड कोठून उचलावी, गंधार किती हलवावा, वीणेकऱ्याने कोठे थांबावे म्हणजे टाळकरी उचलून धरतील, हे कोणत्या खुणेने लिहिणार? पंडितजींना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच पुस्तके छापणाऱ्या याच माणसाने उपदेशक वर्ग काढून निवडक शिष्यांना आपल्याजवळ ठेवले, जेवूखाऊ घातले आणि समोर बसवून शिकविले. मिरजेचे विनायकराव पटवर्धन आणि बा. र. देवधर, कोल्हापूरचे नारायणराव व्यास, गुजरातेतील ओंकारनाथ ठाकूर हे त्या शिदोरीवर वाढले. शृंगाराची पदे बाजूस सारून त्यांनी रागांत भक्तिपर शब्द घातले. काही जाणकारांना हे आवडले नाही, आणि क्वचित शब्द रागाला घट्ट बसत नाहीत असे मलाही वाटते. पण भल्या घरची लेकीबाळी गाणे शिकायला निर्धास्तपणे आली, ती त्यामुळेच.

मुंबईच्या इमारतीचे कर्ज डोईजड झाले आणि ती इमारत गेली. पंडितजी मागे वळले ते रामनामाकडे. भगवी वस्त्रे, नाशकास रामनाम आधाराश्रम, तुलसीरामायणाची प्रवचने. कीर्तनकाराचा मुलगा फिरून कीर्तनाच्याच अंगणात आला म्हणा ना. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथे विद्या घेतली त्या मिरजेसच त्यांनी देह ठेवला.

त्यांना बारा मुले झाली. अकरा लहानपणीच गेली. एकटा राहिला तो १९२१ साली जन्मलेला. नाव दत्तात्रेय, घरात बापूराव. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा. घरी बापाने छापलेल्या पुस्तकांची रास होती, पण गाणे त्याला मिळाले ते विनायकराव आणि नारायणराव यांच्या तोंडून. बापाने शिष्यांना दिले होते, शिष्यांनी ते मुलाला परत केले. १९३५ साली, चौदा वर्षांचा असताना, बापूराव पंजाबात जालंदरच्या हरवल्लभ संमेलनात प्रथम गायला बसला. ज्या पंजाबात वडिलांनी रिकाम्या वर्गात एकट्याने तंबोरा लावला होता, तेथेच.