डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे : गमन आणि प्रत्यागमन

आपल्या बोरी बुद्रुक गावातील व आसमंतातील ज्ञातिकुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेला मुलगा तेथेच स्थिरावला, त्याची मुले तेथील शाळांत शिकू लागली. आता गावी राहिलेल्या वृद्ध मातापित्यांनी त्याच्याकडे जावे की कुकडीकाठचे घर धरून राहावे? आणि त्या मुलाने तरी सेवानिवृत्तीनंतर परत यावे की तेथेच देह ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर एकाने दुसऱ्यास देण्याजोगे नाही. तथापि ज्यांना तो आयुष्यात एकदा नव्हे, तर तीन वेळा सोडवावा लागला, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत द्यावे असे वाटले. डॉ. पांडुरंग खानखोजे हे आपल्या तालुक्याचे नव्हेत, वर्ध्याचे. पण ते शेतीचे माणूस होते, आणि ज्या देशात त्यांनी आयुष्याची तीस वर्षे वेचली त्या मेक्सिकोचे ऋण आपल्या शेतातही उभे आहे. नारायणगावच्या बाजारात आपण ज्याचे क्रेट उतरवितो त्या टोमॅटोचे नावच मुळी मेक्सिकोच्या आदिवासी भाषेतून आलेले आहे. मका व मिरची हीसुद्धा त्याच भूमीची लेकरे होत.

पांडुरंगरावांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. घर मध्यम स्थितीचे होते. वडील सदाशिवराव कचेरीत अर्ज लिहिण्याचे काम करीत. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास व पुढील नागपुरास झाले. त्यांच्या बालपणी, १८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांत, मध्य प्रांत-वऱ्हाडावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. अशा दिवसांत वाढलेल्या मुलाच्या मनात परकी सत्ता आणि रिकामी कणगी या दोन गोष्टी एकत्र जडल्या, यात नवल नाही. लोकमान्य टिळकांविषयी त्यांना नितांत आदर होता, आणि लष्करी शिक्षण हवे असेल तर जपानसारख्या देशात जावे, ही दिशाही त्यांना लोकमान्यांकडूनच मिळाली.

विशीतील तो तरुण घर सोडून निघाला, हा पहिला निर्णय. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे केवळ प्रवास नव्हे, ते धर्मसंकट होते. आज जी ज्ञातिमंडळे परदेशी निघालेल्या तरुणाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात, त्यांच्याच पूर्वजांनी परतलेल्यांकडून प्रायश्चित्ते करवून घेतली आहेत, हे ओघात आठवले म्हणून लिहितो. पण पांडुरंगरावांपुढील प्रश्न ज्ञातीच्या रोषाचा नव्हता. घरच्या मिळकतीवर अवलंबून न राहता परक्या मुलखात शिकावयाचे कसे, आणि आईवडिलांना काय सांगावयाचे, हा होता. ते प्रथम जपानला गेले. १९०६ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यानंतर ते समुद्रमार्गे अमेरिकेच्या त्या किनाऱ्यास पोहोचले. तेथे त्यांनी मिळेल ती मजुरी करून शिक्षण घेतले.

हे शिक्षण दुहेरी होते. एकीकडे कॅलिफोर्नियातील माउंट तामाल्पाइस येथील लष्करी विद्यालय, आणि दुसरीकडे शेतकीशास्त्र. ओरेगॉन राज्यातील कोर्व्हालिस येथे व पुढे वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे शेतकीचा अभ्यास करून १९१३ च्या सुमारास त्यांनी पदव्युत्तर शिक्षण संपविले. याच वर्षांत ओरेगॉनच्या लाकूड-गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत ते वावरत होते. या मजुरांतूनच १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना त्याचे अध्यक्ष व लाला हरदयाळ चिटणीस झाले, आणि सशस्त्र तयारीची बाजू खानखोजे यांच्याकडे आली.

महायुद्ध सुरू होताच गदरच्या मंडळींनी मायदेशी जाऊन उठाव करण्याचे ठरविले. येथे आपल्याच जिल्ह्यातील एका वीराचे नाव घेतले पाहिजे. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे अमेरिकेत खानखोजे यांचे सहकारी होते. ते १९१४ साली थेट हिंदुस्थानात परतले, १९१५ च्या मार्चमध्ये मीरत येथे पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे फाशी गेले. खानखोजे यांनी दुसरी वाट धरली. तुर्कस्तान व इराणमार्गे सशस्त्र तुकडी घेऊन हिंदुस्थानच्या सरहद्दीवर यावे, असा त्यांचा बेत होता. इराणात टोळीवाल्यांच्या साह्याने ते ब्रिटिश फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. सरहद्द मात्र ओलांडता आली नाही. दोन मित्र एकाच वेळी घराकडे निघाले. एकाला घर गाठताच मृत्यू आला, तर दुसऱ्याला आयुष्य लाभले पण घर चाळीस वर्षे दुरावले.

युद्ध संपले तेव्हा खानखोजे पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. मायदेशी परतणे म्हणजे तुरुंग वा फास. युरोपात बर्लिनच्या हिंदी क्रांतिकारकांसमवेत काही काळ गेला. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींच्या शिष्टमंडळात ते मॉस्कोलाही जाऊन आले. तेथून फारसे हाती लागले नाही. क्रांतीच्या कामाला पैसा नव्हता, माणसे पांगली होती, आपसांत मतभेद माजले होते. अशा वेळी केवळ आशेवर बर्लिनमध्ये बसून राहावे, की ज्या विद्येत आपण पारंगत आहोत ती घेऊन एखाद्या देशात उभे राहावे? हा दुसरा निर्णय. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला गेले.

या निर्णयाबद्दल त्यांना दोष देणारे तेव्हाही असतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. मेक्सिकोत १९१० पासून राज्यक्रांती होऊन गेली होती. मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून त्या गावांना व कुळांना देण्याचे काम चालू होते. कुळांचा पुढारी एमिलियानो सापाता याचा १९१९ मध्ये घात झाला होता, पण त्याचे नाव खेड्यापाड्यांत देवासारखे घेतले जाई. राजधानीजवळ तेस्कोको परिसरात चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय शेतकी विद्यालय नुकतेच हलविले गेले होते. तेथे खानखोजे अध्यापक झाले. वर्ध्याच्या माणसाला स्पॅनिश भाषेत मेक्सिकन मुलांना पिकांची सुधारणा शिकवावयाची होती, आणि ती त्यांनी शिकविली.

मेक्सिकोतील खेडुताचे जेवण म्हणजे मक्याची पोळी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवावयाचा, पाट्यावर वाटावयाचा, हातावर थापून तव्यावर भाजावयाचा. ज्याने बाजरीची भाकरी थापताना पाहिली आहे त्याला ते स्वयंपाकघर परके वाटावयाचे नाही. या मक्यावरच खानखोजे यांनी मुख्य संशोधन केले. मक्याचा रानटी आप्त तेओसिंते आणि लागवडीचा मका यांचे संकर, अधिक कणसे देणारी वाणे, थंडीला व अवर्षणाला टिकणारी धान्ये, गहू, कडधान्ये, असा त्यांच्या प्रयोगांचा पल्ला होता. एका विख्यात वाणाला त्यांनी डाळिंबाचे नाव दिले होते. त्यांच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या इटालियन कलावती टिपीत असत.

याहीपेक्षा महत्त्वाचे त्यांचे दुसरे काम. विद्यालयात येऊ न शकणाऱ्या कुळांसाठी त्यांनी सापाताच्या नावाने मोफत शेतकी शाळा चालविल्या. शेतकऱ्याने वर्गात यावयाचे नाही, शिक्षकाने बांधावर जावयाचे, असा त्यांचा प्रकार होता. बियाणे निवडणे, खत कुजविणे, गावाने मिळून अवजारे वापरणे अशा गोष्टी तेथे शिकविल्या जात. १९२८ साली दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र काढले. त्यात मेजाभोवती जमलेल्या कष्टकऱ्यांमध्ये बसून भाकरी मोडून वाटणारा पुरुष आहे, तो खानखोजे यांच्या चेहऱ्याचा. ज्याच्या मायदेशातील सरकारने त्याला गुन्हेगार ठरविले, त्याला परक्या देशाने आपल्या भिंतीवर अन्नदाता म्हणून रंगविले. हे चित्र आजही तेथे आहे.

१९३६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. एकीचे नाव त्यांनी सावित्री ठेविले. नावे ठेवताना माणसाचे मन कोठे असते ते कळते. वर्धा सुटून तीस वर्षे झाली होती. आईवडिलांच्या वृद्धापकाळात हा मुलगा त्यांच्याजवळ नव्हता. ते दुःख कोणत्याही मक्याच्या वाणाने भरून निघणारे नव्हते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि तिसरा प्रश्न उभा राहिला. आता परत जाण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ब्रिटिश अमदानीत तयार झालेली काळी यादी स्वतंत्र सरकारच्या कचेऱ्यांत तशीच पडून होती, आणि ज्यांनी त्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलले त्यांचीच नावे तिच्यात होती. १९४९ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीसुधारणेच्या सल्ल्यासाठी त्यांना पाचारण केले, तरी हे जुने नाव त्यांच्या वाटेत आडवे आलेच. पुढे तो अडथळा दूर झाला, आणि १९५५ साली सत्तराव्या वर्षानंतर डॉ. खानखोजे कायमचे नागपुरास येऊन राहिले.

आपल्या कुटुंबांत ज्या विषयाची चर्चा होते तो हाच, म्हणून येथे थोडे थांबावयास हवे. मेक्सिकोत त्यांचे नाव होते, विद्यार्थी होते, मित्र होते. तेथील विद्यालयात त्यांना प्रत्येक जण ओळखत असे. नागपुरात त्यांच्या पिढीतील ओळखीचे किती उरले असतील? शिवाय पत्नी बेल्जियमची. तिने एकदा आपला देश सोडून मेक्सिकोचा संसार मांडला होता, तो मोडून तिने तिसऱ्या देशात यावयाचे. मुलींची मायभाषा, शाळा, मैत्रिणी सारे मेक्सिकोतले. त्यांना वडिलांच्या आठवणींतला देश हा फक्त ऐकीव होता. पांडुरंगरावांना परत येणे म्हणजे घरी येणे होते. त्या तिघींना ते घर सोडणे होते. एकाच आगगाडीतून प्रवास करणाऱ्या चौघांपैकी एकच जण घरी चालला होता, आणि तिघी परदेशी निघाल्या होत्या. आपल्याकडे चाळीस वर्षांनी गावी परतू पाहणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीने व मुलांनी काय वाटून घ्यावे, याचा विचार बहुधा शेवटी होतो. तो आधी व्हावयास हवा.

आणि ज्या गावी परत यावयाचे ते गावही थांबून राहिलेले नसते. खानखोजे नागपुरास आले तेव्हा ते मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने ते राजधानीपण गेले व नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले; १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्या राज्यासाठी त्यांना सल्ला देण्यास बोलाविले होते ते राज्यच त्या रूपात उरले नाही. ज्या शेतकी शाळांचे काम त्यांनी मेक्सिकोत केले, तसे काम येथे त्यांच्या हातून मोठ्या प्रमाणावर उभे राहू शकले नाही. त्यांच्या अनुभवाचा पुरेसा उपयोग आपल्या देशाने करून घेतला नाही, असेच म्हणावे लागते.

मग त्यांचे परतणे चुकले काय? तसे म्हणवत नाही. उपयोगासाठीच मनुष्य परततो असे नाही. ज्या मातीसाठी त्यांनी घर सोडले ती मोकळी झाली होती, आणि तिच्यावर उभे राहण्याचा हक्क त्यांनी इराणच्या रणात कमाविला होता. पिंगळ्यांना तो लाभला नाही. पण हा हक्क वापरताना कुटुंबाने जी किंमत दिली ती त्यांच्या चरित्राचाच भाग होय. त्यांच्या कन्येने, सावित्री साहनी यांनी, पुढे इंग्रजीत पित्याचे चरित्र लिहिले. आज आपल्याला त्यांच्याविषयी जी माहिती आहे तिचा मोठा भाग तिच्यामुळे आहे. म्हणजे जिला परका देश म्हणून हिंदुस्थान मिळाला, तिनेच वडिलांचे नाव त्या देशाच्या स्मरणात आणले.

आपल्या बोरीच्या कुकडीकाठी पांढुरक्या राखेचा एक थर सापडतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तो दूर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा असावा, असे अनेक संशोधक मानतात, जरी त्याच्या काळाविषयी वाद आहे. समुद्रापलीकडून आलेली ती राख आता आपल्या गावची ओळख झाली आहे. इकडून तिकडे गेलेले व तिकडून इकडे आलेले कोठे रुजेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच तिच्याकडे पाहून मनात येते.

डॉ. खानखोजे यांच्या शेवटच्या वर्षांत देशात पुन्हा दुष्काळ पडला. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणविले. हे वाण डॉ. नॉर्मन बोर्लॉग यांच्या संशोधनाचे होते, खानखोजे यांच्या नव्हे. पण बोर्लॉग मेक्सिकोत आले ते १९४४ साली, आणि त्याच्या वीस वर्षे आधीपासून चापिंगोच्या शेतांत वर्ध्याचा एक माणूस मेक्सिकन तरुणांना वाणे निवडण्यास शिकवीत होता. मेक्सिकोचे धान्य मायदेशी येताना पाहून, २२ जानेवारी १९६७ रोजी, त्यांनी नागपुरात देह ठेविला.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात, लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते, त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.