आर्वीची तबकडी

ओझर म्हटले की नाशिककरांना विमानांचा कारखाना आठवतो. विघ्नहराचे ओझर मात्र जुन्नर तालुक्यातले. त्याच मुलखात, नारायणगावजवळ, आर्वी आहे. डॉ. विक्रम साराभाईंचे एक स्वप्न तिथे उभे राहिले.

अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरी 1919 मध्ये जन्मलेल्या विक्रमभाईंना कशाची ददात नव्हती. त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास पत्करला आणि 1963 मध्ये थुंब्याच्या कोळीवाड्यातून अग्निबाण सोडवला.

त्या काळी परदेशी फोन लागणे म्हणजे नशीबच. लघुलहरींवर खरखर फार. 1964 मध्ये काही देशांनी ‘इंटेलसॅट’ स्थापली. उपग्रह सर्वांचे, भांडवल ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे, जमिनीवरचे केंद्र मात्र ज्याचे त्याने बांधायचे. आपल्या सहकारी साखर कारखान्याचे हे आकाशातले भावंडच म्हणा ना! केंद्र परदेशी कंपनीकडून तयार घेणे सोपे होते. साराभाईंनी ते आपल्या इंजिनियरांनीच उभारावे असा आग्रह धरला. जवळजवळ 30 मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरील उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली.

30 डिसेंबर 1971 रोजी कोवळमला साराभाई झोपेतच गेले. वय अवघे 52. आर्वीचे केंद्र राष्ट्राला अर्पण झाले ते 1972 मध्ये. त्याला नाव दिले ‘विक्रम’.