डॉक्टर जॉन स्नो आणि लंडनचें पाणी

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे आपली दृष्टि प्रथम राजे, योद्धे व कवि यांच्याकडे वळते. परंतु ज्यानें हातीं शस्त्र धरिलें नाहीं, केवळ घरोघर फिरून तेथें पिण्याचें पाणी कोठून येतें एवढीच चौकशी केली, आणि त्या चौकशीनें पुढील पिढ्यांतील असंख्य माणसांचे प्राण वांचविले, अशा एका डॉक्टरचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन स्नो यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्क शहरीं ता. १५ मार्च १८१३ रोजीं एका मजुराच्या घरीं झाला. नऊ भावंडांत ते वडील. चौदाव्या वर्षीं त्यांस न्यूकॅसल येथील एका शस्त्रवैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. सन १८३१ मध्यें पटकीची साथ इंग्लंडांत प्रथमच शिरली, तेव्हां किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणींतील आजारी मजुरांची शुश्रूषा या अठरा वर्षांच्या मुलाकडे आली. मजूर खाणींतच शिदोरी सोडीत. तेथें शौचाची निराळी सोय नव्हती आणि हात धुण्यास पाणीहि नव्हतें. या स्थितीचा दाखला स्नो यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत दिला आहे.

सन १८३६ मध्यें ते लंडनला आले व सन १८४४ मध्यें तेथील विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली. त्यांची राहणी अत्यंत साधी होती. तारुण्यांत कित्येक वर्षें ते शाकाहारी होते व मद्यास स्पर्श करीत नसत, आणि पिण्याच्या पाण्याविषयीं ते फार दक्ष असत. ईथर व क्लोरोफॉर्म देऊन रोग्यास बेशुद्ध करण्याच्या विद्येंत त्यांनीं एवढें प्रावीण्य मिळविलें कीं, सन १८५३ व १८५७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणीं त्यांसच पाचारण करण्यांत आलें. अशा मनुष्यास स्वस्थपणें द्रव्य जोडितां आलें असतें. पण त्यांचें मन पटकीच्या कोड्यांत गुंतलेलें होतें.

त्या काळीं बहुतेक विद्वान् असें मानीत कीं, घाणीच्या दुर्गंधानें हवा विषारी होते व तिच्यामुळें पटकी उद्भवते. स्नो यांस हें पटेना. हवेंतील विष असेल तर त्याची बाधा प्रथम छातीस व्हावी. पण हा रोग तर पोटांतून सुरू होतो. तेव्हां रोगाचें बीज मनुष्य गिळीत असला पाहिजे, आणि रोग्याच्या मळांतून तें पाण्यांत मिसळत असलें पाहिजे, असें अनुमान त्यांनीं बांधिलें व सन १८४९ मध्यें एका लहानशा पुस्तकांत प्रसिद्ध केलें. फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

सन १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीनें एकाएकीं कहर मांडला. दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. लोक घरेंदारें टाकून पळूं लागले. स्नो मात्र उलट त्या गल्ल्यांत शिरले. सरकारी दप्तरांतून मृतांचे पत्ते घेऊन त्यांनीं घरोघर चौकशी केली. बहुतेक मृतांच्या घरीं ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी येत असे. या पाण्याची कीर्ति मोठी होती. तें स्वच्छ दिसे व रुचकर लागे. हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा तें पाणी रोज मुद्दाम मागवीत असे. तिच्या वस्तींत पटकी नसतांहि ती बाई पटकीनें मेली. याच्या उलट, पंपाजवळच्याच एका बिअरच्या कारखान्यांतील सुमारें सत्तर कामगारांपैकीं एकहि मेला नाहीं, कारण ते बिअर पीत व कारखान्याची स्वतःची विहीर होती. शेजारच्या निराधारगृहांत ५३५ माणसें होतीं. त्यांतील पांचच मेलीं, कारण तेथेंहि निराळा पंप होता.

हा पुरावा स्नो यांनीं ता. ७ सप्टेंबर रोजीं तेथील पंचांपुढें मांडिला व दुसऱ्याच दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ त्यापूर्वींच ओसरूं लागली होती, ही गोष्ट स्नो यांनीं स्वतः मोकळेपणानें लिहून ठेविली आहे. आपल्या बाजूचा पुरावाहि वाजवीपेक्षां फुगवावयाचा नाहीं, हा त्यांचा बाणा होता.

त्याच भागांतील एक तरुण धर्मोपदेशक, रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड, यांस स्नो यांचें म्हणणें खोटें वाटे व तें खोडून काढण्यासाठीं त्यांनींहि घरोघर तपास आरंभिला. परंतु जसजसा तपास वाढला तसतसें त्यांचें मत पालटलें. पंपासमोरच्या घरांतील एक तान्ही मुलगी साथीच्या आरंभींच आजारी पडली होती आणि तिचीं दुपटीं धुतलेलें पाणी आईनें घराच्या शौचकुंडांत ओतलें होतें, ही गोष्ट त्यांनींच उजेडांत आणिली. खणून पाहतां त्या कुंडाच्या विटा ढिल्या झालेल्या आढळल्या, आणि विहीर तेथून जेमतेम तीन फुटांवर होती. विरोधक म्हणून निघालेले व्हाइटहेड स्नो यांचे भरंवशाचे मित्र झाले.

ही झाली एका विहिरीची गोष्ट. परंतु स्नो यांची खरी मोठी कामगिरी नळाच्या पाण्यासंबंधानें आहे. दक्षिण लंडनमध्यें दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यानें जात; एका घरांत एका कंपनीचें पाणी, तर शेजारच्या घरांत दुसरीचें. लँबेथ कंपनीनें सन १८५२ पासून आपलें पाणी थेम्स नदीच्या वरच्या अंगास, शहराच्या घाणीपासून दूर, घेण्यास आरंभ केला होता. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसी येथेंच, जेथें गटारांचें पाणी नदींत मिसळे, तेथें पाणी भरीत असे. श्रीमंत, गरीब, वृद्ध, बालक अशीं तीन लाख माणसें दोहोंत वांटलीं गेलीं होतीं. हवा एकच, वस्ती एकच, भेद केवळ पाण्याचा.

पण कोणत्या घरांत कोणाचें पाणी, हें कळावें कसें? पट्टी घरमालक भरी. भाडेकऱ्यांस कंपनीचें नांवहि ठाऊक नसे. तेव्हां स्नो प्रत्येक घरचें थोडें पाणी शिशींत घेत व त्यांत चांदीचा एक क्षार घालीत. पाण्यांत मीठ असेल त्या मानानें त्यांत पांढरा सांका जमे. बॅटरसीच्या पाण्यांत दर गॅलनास ३७.९ ग्रेन मीठ निघे, तर लँबेथच्या पाण्यांत एक ग्रेनहि भरत नसे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा झाला : दर दहा हजार घरांमागें साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनीच्या घरांत ३१५ मृत्यु, लँबेथच्या घरांत अवघे ३७.

एवढें होऊनहि सरकारी चौकशी समितीनें सन १८५५ मध्यें त्यांचें मत अमान्य केलें. ता. १६ जून १८५८ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, पक्षाघातानें त्यांचा अंत झाला. एका प्रमुख वैद्यकीय पत्रानें त्यांच्या मृत्यूची वार्ता चार ओळींत दिली. तींत पटकीचें नांवहि नव्हतें. पुढें सन १८६६ मध्यें पूर्व लंडनमध्यें पुन्हां साथ आली व ती एका कंपनीच्या न गाळलेल्या पाण्यांतून पसरल्याचें दिसून आलें, तेव्हां जुन्या विरोधकांचे डोळे उघडले. सन १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं आपल्याच देशांत, कलकत्त्याच्या एका तलावांत, पटकीचे जंतु दाखविले आणि उरलेला संशयहि फिटला.

वाचकहो, स्नो यांनीं शिशींत शोधिलेलें मीठ हें कांहीं विष नव्हे. घाण पाण्यांत मिसळली आहे याचें तें साक्षीदार होतें. आजहि पाण्याची परीक्षा याच न्यायानें होते. ई. कोलाय नांवाचा जंतु मनुष्याच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहतो. तो पाण्यांत सांपडला कीं मळाचा स्पर्श झाला असें समजावें. म्हणूनच १०० मिलिलिटर पाण्यांत तो एकहि नसावा, आणि नळाच्या शेवटच्या टोकाशींहि दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. आपल्या पुष्कळ गांवीं पाणी दिवसांतून थोडाच वेळ येतें. पाणी बंद असतांना नळांतील दाब नाहींसा होतो व फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. नळ सोडतांच येणारें पहिलें पाणी कधीं कधीं तसेंच असतें, आणि तें दिसावयास निर्मळ असूं शकतें. ब्रॉड स्ट्रीटचें पाणीहि तसेंच निर्मळ दिसे.

यास्तव आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस आमची एवढीच विनंति आहे कीं, पेला ओठांस लावण्यापूर्वीं आपल्या नळाचें पाणी कोठून येतें, तें कोण तपासतें व वाटेंत तें कशाशेजारून वाहतें, याची एकदां अवश्य चौकशी करावी. संशय वाटल्यास पाणी उकळून प्यावें आणि ज्यांचें तें काम आहे त्यांस कळवावें. डॉक्टर स्नो यांचें यापेक्षां उचित स्मारक आम्हांस सुचत नाहीं.