खडखड थांबविणारा माणूस

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात माझी जुनी मोटारसायकल कुरकुरू लागली. चढावर मूठ पिळली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून येई. मूठ सैल सोडली की बंद होई. गावी आल्यावर मिस्त्रीला गाडी दाखविली. त्याने प्रथम टाकीत नाक घातले आणि पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले असल्याचे सांगितले. वाटेत कुठेतरी माझी फसवणूक झाली होती. टाकी रिकामी झाली. मग हेड उघडून त्याने पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला, टायमिंग किंचित मागे घेतले, चांगले पेट्रोल भरले. खडखड थांबली.

या आवाजाला गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. तो कशाने होतो हे वाचता वाचता मला टॉमस मिजली हा माणूस भेटला. यंत्राचा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही गोष्ट यंत्रापेक्षा माणसाची अधिक आहे.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे. मुलाने १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९१६ साली तो ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. मोटारीला विजेचा स्टार्टर देणारा तो हाच केटरिंग. त्या काळी इंजिने खडखडू लागली की लोक त्याचा दोष केटरिंगच्याच बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनला देत. खरे कारण शोधण्याचे काम मिजलीकडे आले.

ठिणगी वेळेआधी पडते म्हणून आवाज होतो, असा सार्वत्रिक समज होता. मिजलीने सिलिंडरमधील दाब क्षणाक्षणाला टिपणारे उपकरण तयार केले. दाबाची उसळी ठिणगी पडण्यापूर्वी नव्हे, तर ज्वलन सुरू झाल्यानंतर येते, हे त्यातून दिसले. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असताना, कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेटते. तो धक्का म्हणजे ही खडखड. म्हणजे दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. माझ्या मिस्त्रीने सर्वांत आधी पेट्रोल का हुंगले, ते मला येथे उमगले.

पुढची कथा मोठी गमतीची आहे. बर्फ वितळते न वितळते तोच फुलणारी, तांबूस पानांची एक वेल अमेरिकेत असते. लाल रंग उष्णता शोषत असावा, तसे लाल इंधनही आधीच उष्णता शोषून नीट जळेल, असा तर्क केटरिंग आणि मिजली यांनी केला. इंधनात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन घातले. खडखड थांबली! मग त्याने खरे लाल रंग आणवून घातले, तर एकानेही काम केले नाही. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग घातले, तर त्याने केले. तर्क साफ चुकीचा होता. पण त्या चुकीने दार उघडले होते.

आयोडीन महाग होते आणि धातू खाई. त्यानंतर अनेक वर्षे एकेक पदार्थ तपासण्याचे काम चालले. ॲनिलीनला दुर्गंधी. टेल्युरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटे, की आंघोळ करूनही जात नसे. शेवटी मूलद्रव्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून जड धातूंकडे जात ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचे एक द्रवरूप संयुग, इंजिनात घातले गेले. गॅलनमागे अगदी थोडके पुरे होई. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये ते पेट्रोल विक्रीस आले. इंजिनात मिश्रण अधिक दाबता येऊ लागले आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त शक्ती मिळू लागली.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही नवे नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडाच्या उबदार हवेत विश्रांतीसाठी गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागला. त्यांपैकी पाच जण दगावले. ३० ऑक्टोबर रोजी मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला. त्याने ते द्रव हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. भीतीचे कारण नाही, हे त्याला दाखवायचे होते. स्वतःचे आजारपण विसरण्याइतका काळ लोटलेला नव्हता. या चरित्रातला हा प्रसंग मला सर्वांत जास्त बोचतो.

१९२५ साली विक्री थांबवून सरकारी चौकशी झाली, १९२६ साली ती पुन्हा सुरू झाली. अल्कोहोल मिसळल्यानेही खडखड थांबते, हे मिजलीला ठाऊक होते. त्याने स्वतः तसे प्रयोग केले होते. पण अल्कोहोल पुष्कळ घालावे लागे, शिसे थेंबभर पुरे. धंद्याचे गणित शिशाच्या बाजूने गेले.

१९२८ साली त्याने शीतकपाटांसाठी फ्रिऑन हा वायू शोधला. तो विषारी नव्हता, जळत नव्हता. पण अशा वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतो, असा इशारा १९७४ साली शास्त्रज्ञांनी दिला. मिजलीला मानसन्मान भरपूर मिळाले. १९४४ साली तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. १९४० पासून पोलिओने त्याचे पाय गेले होते. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्याने दोर व कप्प्यांची योजना स्वतःच केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा अडकून वयाच्या ५५ व्या वर्षी तो मरण पावला. तो अपघात होता की आत्महत्या, याविषयी दोन मते आहेत.

पृथ्वीचे वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन याने १९६५ साली हवेत आणि माणसाच्या रक्तात शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट वाढल्याचे मांडले. मुलांच्या बुद्धीवर त्याचा घाला पडतो, हे हळूहळू सिद्ध झाले. भारतभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ साली शिशाचे पेट्रोल संपले. आणि आज आपल्या पेट्रोलमध्ये काय मिसळतात? उसाच्या मळीपासूनही बनणारे इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल!

मिजली दुष्ट नव्हता. त्याच्याइतकी चिकाटी फार थोड्यांजवळ असते. परंतु ऐकू येणारा दोष त्याने दूर केला आणि ज्याला आवाज नाही असा दोष जगात सोडला. त्याची चाहूल स्वतःच्या देहात लागली, तेव्हाही त्याने ती ऐकली नाही.

माझ्या मिस्त्रीचे हात अजून पेट्रोलने भिजलेले असतात. तरुणपणी नळी तोंडाने ओढून तो टाकीतले पेट्रोल काढी, आणि त्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे असे. परवा मी त्याला मिजलीची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. फक्त उठून साबणाने हात धुऊन आला.