विश्लेषण : सिंगल की अल्बम? गौहर जान यांना हा पर्यायच नव्हता...

एकेक गाणे प्रसिद्ध करावे की आठ-दहा गाण्यांचा अल्बम, हा वाद स्ट्रीमिंगमुळे पुन्हा रंगला आहे. भारतातील ध्वनिमुद्रणाची सुरुवात मात्र सुट्या गाण्यांनीच झाली. त्या बाजारातील पहिली मोठी तारका म्हणजे कोलकात्याच्या गौहर जान.

कोण होत्या गौहर जान?

जन्म १८७३ चा, आझमगढचा. मूळ नाव अँजेलिना योवर्ड. आईवडील विभक्त झाल्यावर आईने इस्लाम स्वीकारून मलका जान हे नाव घेतले आणि मुलीची गौहर झाली. मायलेकी बनारसहून कोलकात्याला आल्या. आई स्वतः गायिका. नृत्याची तालीम बिंदादीन महाराजांकडे. १८८७ मध्ये दरभंगा दरबारात पहिली मैफल झाली.

तीन मिनिटांत काय मावते?

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन कोलकात्यात होते. तबकडी एकाच बाजूने वाजणारी, मोठ्यात मोठी जेमतेम तीन मिनिटांची. अनेक उस्तादांनी पाठ फिरवली. रागाची कत्तल होईल आणि घराण्याची विद्या चारचौघांच्या हाती पडेल, ही भीती. ती अगदीच निराधार नव्हती. गौहर जान यांनी मात्र कर्ण्यासमोर बसून हिशेब बदलला : विस्तार आटोपता, बंदिशीला लवकर हात, मोजक्या पण लखलखीत ताना. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारत. तो नखरा वाटतो. पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, अशी ती सोय होती.

फायदा कोणाला झाला?

दोन दशकांत सुमारे ६०० तबकड्या, मराठीसह दहाहून अधिक भाषा. कोठीच्या पायऱ्या कधीही न चढलेल्या घरांत त्यांचा आवाज पोहोचला. ठुमरी, दादरा, भजन असे हलके प्रकार तीन मिनिटांत सहज बसत. ख्यालाची बढत मात्र मावलीच नाही, त्यामुळे त्यांची खरी मैफल कशी होती हे आज कोणीच सांगू शकत नाही. कीर्तीने उतारवय सावरले, असेही नाही. कोर्टकज्जे आणि खर्चिक राहणी यांत पैसा गेला. १९२८ मध्ये त्यांनी म्हैसूर दरबारी नोकरी पत्करली आणि १७ जानेवारी १९३० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

मग अल्बम कधी आला?

अनेक तबकड्या एकत्र ठेवण्याच्या, फोटोंच्या अल्बमसारख्या जाड बाडावरून हा शब्द रुळला. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावणारी एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली. रागाला जरा ऐसपैस जागा मिळाली ती तिच्यामुळे. आता स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की गाणे वाजल्याची नोंद होते. म्हणजे गायकाने मुखड्याशी लवकर यावे, हा दबाव १९०२ पेक्षाही कडक. गौहर जान यांच्या तबकड्याही आता संग्रहरूपात ऐकता येतात. त्यातील गाण्यांचा क्रम त्यांनी लावलेला नाही.