जिजाऊंचे स्वप्न आणि त्यांचे रोजचे काम

दरवर्षी १२ जानेवारीला बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा माणसांनी फुलून जाते. लखुजीराव जाधवांच्या घरी १५९८ मध्ये जन्मलेल्या जिजाऊंना वंदन करायला लोक लांबून येतात. जिजाऊंनी स्वराज्याचे स्वप्न पाहिले म्हणून ते साकार झाले, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. हल्ली त्याला मॅनिफेस्टेशनची जोड मिळाली आहे. इच्छा तीव्र ठेवा, मनात भीती आणि दुःख येऊ देऊ नका, हवे ते आयुष्य आपोआप तुमच्याकडे येईल, असा तो उपदेश. जिजाऊंचे चरित्र तारखा समोर ठेवून वाचले, तर त्यातला बराच भाग गळून पडतो.

लहान वयातच त्यांचे लग्न शहाजीराजे भोसल्यांशी झाले. पुढे निजामशाही दरबाराबाहेर एक हत्ती बिथरला आणि त्यावरून झालेल्या चकमकीत जिजाऊंचा भाऊ दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी, दोघेही मारले गेले. माहेर आणि सासर यांच्यात वैर आले. जुलै १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू यांची हत्या झाली. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. हिशेब केला तर वडील आणि भाऊ एकाच दिवशी गेले, तेव्हा जिजाऊंना दोन-अडीच महिन्यांचे दिवस गेले होते. शहाजीराजे मोहिमांत गुंतलेले. बाळंतपण शिवनेरीवर झाले, आणि लगेचच दख्खनमध्ये १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला.

इतक्या दुःखाचा आणि भीतीचा गर्भावर परिणाम झाला नसेल का? तणावात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. पण वारेमध्ये एक विकर असते, ते यातल्या बऱ्याच कॉर्टिसॉलला निष्क्रिय करून टाकते. गरोदरपणात जवळचे माणूस गेले तर मूल वेळेआधी जन्मण्याचा धोका थोडा वाढतो, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. थोडा, एवढेच. मूल शूर होणार की भित्रे, हे आईच्या नऊ महिन्यांतल्या विचारांवर ठरते, याला आधार नाही. जिजाऊंच्या डोहाळ्यांच्या कथा ऐकायला छान आहेत, पण त्यांचे ओझे आजच्या आयांवर पडते. मूल कमी वजनाचे जन्मले की बाई स्वतःच्या रडण्याला दोष देते आणि घरचेही देतात. तिचे हिमोग्लोबिन किती होते, रक्तदाब किती होता, सातव्या महिन्यात ती कुणाच्या शेतात कापूस वेचत होती, हे विचारायचे राहून जाते.

आता टिकणारा भाग. शहाजीराजे १६३६ नंतर आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले आणि पुणे जहागिरीचा भार जिजाऊंवर आला. ते पुणे आदिलशाही फौजेने आधीच उद्ध्वस्त केले होते. वस्ती उठलेली, जमीन पडीक. तिथे कुळे परत आणणे, शेती सुरू करणे, तंटे ऐकून निवाडा देणे हे काम वर्षानुवर्षे चालले. मुलाने हे सगळे जवळून पाहिले. संस्कार म्हणायचे असतील तर ते इथे, जन्मानंतर झाले.

इच्छा आणि विश्वास यांत फरक आहे. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा विश्वास असलेल्यांचे वजन जास्त उतरले. बारीक झाल्याची गोड चित्रे मनात रंगवत बसणाऱ्यांचे मात्र वर्षभरात सरासरी सुमारे ११ किलो कमी उतरले. अभ्यास लहान आहे, पण नंतरच्या कामातही असाच कल दिसला. सुखचित्रातच समाधान मिळाले की पुढच्या खटपटीची ओढ ओसरते.

जिजाऊंना पुढेही दुःख चुकले नाही. थोरले संभाजीराजे १६५५ च्या सुमारास कनकगिरीला मारले गेले. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. तेव्हा जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना विनवून थांबवले. म्हणजे जगणे नको वाटण्याची वेळ त्यांच्यावरही आली. चरित्रातली ही जागा भाषणांत सहसा येत नाही, ती यायला हवी. कणखर माणसाला असे वाटत नाही, या समजुतीमुळे अनेक घरांत हताश झालेले माणूस वेळेवर बोलत नाही. त्या वेळी कुणीतरी हात धरून थांबवणारे लागते, आणि धरून ठेवायला पुढे काही काम लागते. दोनच वर्षांनी, १६६६ मध्ये, महाराज आग्र्याला कैदेत पडले तेव्हा राज्याचा कारभार सत्तरीकडे झुकलेल्या जिजाऊंच्या देखरेखीखाली चालला.

उतारवयात रायगडावरची थंड हवा त्यांना सोसेना, म्हणून गडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला होता. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. १७ जूनला पाचाडच्या त्या वाड्यात त्या वारल्या.