रॉबर्ट कॉख : जंतूंचा माग काढणारे वैद्य

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत काचेच्या बशींतील पोषक थरावर तारेनें रेघा ओढण्यापूर्वीं ती तार ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावयाची, हा नियम तुमच्यापैकीं पुष्कळांस जाचक वाटतो. तार धुतली म्हणजे पुरे नाहीं काय, असें कोणी ना कोणी दरवर्षीं विचारतोच. ह्या लहानशा नियमामागें ज्यांचें सारें आयुष्य उभें आहे, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

रॉबर्ट कॉख ह्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजीं जर्मनींतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल ह्या गांवीं झाला. वडील खाणींवर अधिकारी होते. गटिंगेन येथें शिकून १८६६ सालीं कॉख डॉक्टर झाले आणि १८७२ पासून वोल्श्टाइन ह्या लहान गांवीं सरकारी वैद्य म्हणून काम करूं लागले. हें गांव आतां पोलंडमध्यें आहे. दिवसभर रोगी पाहावयाचे आणि उरलेल्या वेळांत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसावयाचें, असा त्यांचा क्रम होता.

त्या प्रांतांत काळपुळीनें मेंढ्या व गुरें मरत. मेलेल्या जनावरांच्या रक्तांत काडीसारखे जंतु इतरांनींही पाहिले होते; पण तेच रोगाचें कारण कीं केवळ सोबती, हा वाद मिटला नव्हता. कॉख ह्यांनीं लांकडाच्या बारीक ढलपीनें तें रक्त उंदरास टोंचलें, त्या उंदराचें दुसऱ्यास, दुसऱ्याचें तिसऱ्यास. प्रत्येक वेळीं तोच रोग, तेच जंतु. बैलाच्या डोळ्यांतील द्रवाच्या थेंबांत जंतु वाढवून त्यांत चिवट बीजाणु तयार होतांना त्यांनीं पाहिले. कुरणें वर्षानुवर्षें घातक कां राहतात, ह्याचा उलगडा त्यामुळें झाला. १८७६ सालीं ब्रेस्लाउ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन ह्यांच्यापुढें त्यांनीं हे प्रयोग करून दाखविले.

पुढची अडचण मोठी होती. पातळ रसांत अनेक जातींचे जंतु मिसळतात. मग कोणता जंतु कोणतें काम करतो, हें कळावें कसें? उकडलेल्या बटाट्याच्या कापावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठलेले कॉख ह्यांनीं पाहिले आणि त्यांत त्यांस उत्तर सांपडलें. घट्ट पृष्ठावर जंतूस दूर जातां येत नाहीं. तो जेथें पडतो तेथेंच वाढून आपल्या एकाच जातीची वसाहत उभी करतो. प्रथम त्यांनीं जिलेटिन वापरलें, पण उबेनें तें वितळे. त्यांचे सहकारी वाल्टर हेसे ह्यांच्या पत्नी फॅनी हेसे ह्यांनीं स्वयंपाकघरांतील आगर सुचविलें. समुद्रशैवालापासून होणारा हा पदार्थ आपल्या बाजारांत चायना ग्रास म्हणून मिळतो. कॉख ह्यांच्या निबंधांत आगर आलें, बाईंचें नांव मात्र राहून गेलें. १८८७ सालीं त्यांचे साहाय्यक पेट्री ह्यांनीं झांकणाची उथळ बशी केली. तीच तुम्ही आज हातीं घेतां. त्या बशींत न तापविलेली तार फिरली, तर उपरा जंतु शिरतो आणि सारा पुरावा खोटा ठरतो.

ह्याच साधनांनीं कॉख क्षयाच्या मागें लागले. हा जंतु साध्या रंगानें दिसेना. चोवीस तास निळ्या रंगांत ठेवून वर तपकिरी रंग दिला, तेव्हां तो दिसला. तापवून घट्ट केलेल्या रक्तद्रवावर पहिला आठवडा कांहींच उगवेना. दुसऱ्याच्या निराशेची ही वेळ. कॉख थांबून राहिले, आणि मग वसाहती दिसूं लागल्या. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिनमध्यें त्यांनीं क्षयाचें कारण जाहीर केलें. १८८४ सालीं कलकत्त्यास त्यांनीं पटकीच्या रोग्यांत स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु सतत आढळतो हें दाखविलें, आणि १८९७ सालीं प्लेगच्या अभ्यासासाठीं ते मुंबईसही आले.

परंतु त्यांच्या चरित्रांत एक दुःखद पानही आहे. १८९० सालीं त्यांनीं ट्यूबरक्युलिन हें क्षयावरील औषध म्हणून पुढें आणलें आणि त्याची कृति गुप्त ठेविली. आशेनें रोग्यांची रीघ बर्लिनला लागली. औषधानें गुण आला नाहीं. कित्येकांस अपाय झाला, कांहीं दगावले. ज्यांनीं जगास पुरावा तपासावयास शिकविलें, त्यांनींच येथें घाई केली. पुढें तें द्रव्य रोग ओळखण्याच्या कामीं उपयोगी पडलें, एवढेंच समाधान. १९०५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें आणि २७ मे १९१० रोजीं बाडेन-बाडेन येथें त्यांचें देहावसान झालें.

बालमित्रहो, क्षयानें आजही जगांत दरवर्षीं दहा लाखांहून अधिक माणसें मरतात. म्हणजे हें काम संपलेलें नाहीं. तें पुढें नेणारा हात कदाचित् तुमच्यापैकींच कोणाचा असेल. तो हात शंभराव्या वेळींही तार ज्योतीवर धरावयास कंटाळूं नये, आणि आपली चूक दिसतांच ती लपवूं नये, हाच ह्या चरित्राचा बोध होय.